मुक्त सॉफ्टवेअर पॅकेजिंग

मुक्त सॉफ्टवेअर पॅकेजिंग म्हणजे मूळ विकासकांनी प्रसिद्ध केलेले सॉफ्टवेअर एखाद्या संगणक प्रणालीवर सहज स्थापित करता येईल अशा संचाच्या (पॅकेजच्या) रूपात तयार करणे होय. डेबियन, फेडोरा यांसारख्या लिनक्स वितरणांत हे काम मोठ्या प्रमाणावर स्वयंसेवक करतात. मूळ प्रकल्पाला 'अपस्ट्रीम', तर त्याचे सॉफ्टवेअर घेऊन पुढे पोहोचवणाऱ्या वितरणाला 'डाउनस्ट्रीम' म्हणतात.

कार्यपद्धती

पॅकेज सांभाळणाऱ्या व्यक्तीस 'मेंटेनर' म्हणतात. मेंटेनर मूळ सोर्स कोड घेतो, परवाना तपासतो, सॉफ्टवेअर ज्या लायब्ररींवर अवलंबून आहे त्यांची नोंद करतो आणि गरजेनुसार कोडमध्ये बदल (पॅच) करतो. वापरकर्त्यांनी कळवलेल्या त्रुटी अपस्ट्रीमपर्यंत पोहोचवणे हाही त्याच्या कामाचा भाग असतो.

मतभेदांची कारणे

डेबियनची स्थिर आवृत्ती साधारणतः दोन वर्षांनी निघते व त्यानंतर तीत प्रामुख्याने सुरक्षाविषयक आणि गंभीर दुरुस्त्याच होतात. त्यामुळे अपस्ट्रीमने पूर्वीच दूर केलेल्या त्रुटींच्या तक्रारी विकासकांकडे येत राहतात. याच कारणावरून २०१६ मध्ये एक्सस्क्रीनसेव्हरचे विकासक जेमी झविन्स्की यांनी आपले सॉफ्टवेअर डेबियनमधून काढून टाकण्याची मागणी केली.

नाव आणि परवाना हीदेखील वादाची कारणे ठरतात. २००६ मध्ये मोझिलाशी झालेल्या व्यापारचिन्हाच्या वादामुळे डेबियनने फायरफॉक्सचे नाव बदलून 'आइसवीझल' केले. मूळ नाव २०१६ मध्ये परत आले. २००६ मध्येच परवान्याच्या वादातून सीडीआरटूल्सपासून सीडीआरकिट हा स्वतंत्र प्रकल्प निघाला.

ओपनएसएसएल प्रकरण

२००६ मध्ये डेबियनच्या मेंटेनरने एका तपासणी साधनाने दिलेल्या सूचना टाळण्यासाठी ओपनएसएसएलमधील काही ओळी निष्क्रिय केल्या. त्यापूर्वी त्याने विकासकांच्या चर्चायादीवर विचारणा केली होती. परंतु बदलाचा पूर्ण परिणाम दोन्ही बाजूंच्या लक्षात आला नाही. परिणामी यादृच्छिक संख्यानिर्मिती जवळजवळ केवळ प्रक्रिया क्रमांकावर अवलंबून राहिली आणि एका प्रकारच्या संगणकावर, ठरावीक लांबीच्या जेमतेम ३२,७६८ किल्ल्याच शक्य उरल्या. ही त्रुटी १३ मे २००८ रोजी जाहीर झाली. डेबियन व उबुंटूच्या वापरकर्त्यांना असुरक्षित किल्ल्या बदलाव्या लागल्या. ओपनएसएसएलचे बेन लॉरी यांनी वितरणांनी दुरुस्त्या स्वतःपुरत्या न ठेवता अपस्ट्रीमकडे पाठवाव्यात, अशी टीका केली. विचारणा करूनही योग्य व्यक्तीपर्यंत ती पोहोचली नाही, ही दुसरी बाजूही या प्रकरणाने पुढे आणली.

महाराष्ट्रातील उदाहरणे

मुंबई उपनगरातील पवई येथील आयआयटी मुंबईच्या 'फॉसी' प्रकल्पाने ई-सिम हे विद्युत-मंडल आरेखनाचे सॉफ्टवेअर विकसित केले आहे. ते कायकॅड, एनजीस्पाइस आदी मुक्त सॉफ्टवेअरवर उभे असल्याने त्यांच्या दृष्टीने ई-सिम डाउनस्ट्रीम ठरते. डिसेंबर २०२१ मधील कायकॅड ६ ने आरेखनाच्या फाइलचे स्वरूपच बदलले. असे बदल त्यावर आधारित प्रकल्पांना सामावून घ्यावे लागतात.

पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने पुरवलेले लोहित टंक रेड हॅटने मुक्त परवान्याखाली उपलब्ध केले. सप्टेंबर २०११ मध्ये त्यांना एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्स लागू झाला. हे टंक फेडोरा व डेबियन या दोन्हींत पॅकेजरूपाने मिळतात. एखाद्या मराठी जोडाक्षराची दुरुस्ती एकाच वितरणात केल्यास ती तेथेच राहते. अपस्ट्रीमने ती स्वीकारल्यास सर्व वितरणांपर्यंत पोहोचू शकते.