श्वासाच्या स्नायूंची जिम: पन्नास वर्षांचा हिशोब

तोंडात धरून जोर लावून श्वास ओढायची छोटी यंत्रं तुम्ही ऑनलाइन पाहिली असतील. सीओपीडीसारखा फुप्फुसाचा जुना आजार असलेल्या माणसाच्या घरी अशा वस्तूवर मोठी आशा असते. ती आशा कितपत खरी? त्यासाठी इतिहासात जाऊ.

फुप्फुस स्वतःहून फुगत नाही. खालचं श्वासपटल आणि बरगड्यांमधले स्नायू छाती मोठी करतात, म्हणून हवा आत येते. मग दंडासारखा हा स्नायूही कमावता येईल का?

1976 मध्ये लीथ आणि ब्रॅडली या अमेरिकन संशोधकांनी हे तपासलं. माणसं निरोगी, आणि गट चार-चार जणांचे. एका गटाने बंद नळीवर पूर्ण जोर लावला, दुसऱ्याने दमेपर्यंत जोरजोरात श्वास घेतले, तिसऱ्याने काहीच केलं नाही. आठवड्यातून पाच दिवस, पाच आठवडे. जोर लावणाऱ्यांची ताकद सुमारे 55 टक्के वाढली. दुसऱ्या गटाचा दम वाढला, ताकद नाही. थोडक्यात, जे कराल तेच वाढेल.

पुढच्याच वर्षी कॅनडात कीन्स आणि सहकाऱ्यांनी सिस्टिक फायब्रोसिस या फुप्फुसं खराब करणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांवर प्रयोग केला. चार आठवडे श्वासाचा व्यायाम केलेल्यांच्या श्वासस्नायूंचा दम 52 टक्के वाढला. पण दुसऱ्या काही रुग्णांनी तेवढेच आठवडे रोज दीड तास नुसतं पोहणं आणि होडी वल्हवणं केलं होतं. त्यांचा वाढला 57 टक्के! ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग यंत्रं आली. सुरुवातीच्या यंत्रात एक बारीक भोक असायचं, त्यातून हवा ओढायची. यात मला, इंजिनिअर म्हणून, एक सरळ बग दिसतो. हवा निम्म्या वेगाने ओढली की भार जवळपास पाव होतो. रुग्ण नकळत हळू श्वास घेणार, आणि व्यायाम कागदावरच राहणार. उपाय निघाला झडपेचा. 1982 मध्ये निकरसन आणि कीन्स यांनी वजन ठेवलेली झडप वापरली. ठरावीक जोर लागल्याशिवाय ती उघडतच नाही, वेग काहीही असो. पुढे वजनाच्या जागी स्प्रिंग आली, आणि यंत्र खिशात मावायला लागलं.

तरी 1992 मध्ये 17 चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा रुग्णांना ठोस फायदा झाल्याचा पुरावा तुटपुंजाच निघाला. श्वासाच्या पद्धतीवर नीट नियंत्रण ठेवलेल्या चाचण्यांत तेवढी थोडी आशा दिसली.

1997 मध्ये आणखी एक गोष्ट समोर आली. गंभीर सीओपीडी असलेल्यांच्या श्वासपटलात न थकता काम करणारे तंतू निरोगी माणसापेक्षा जास्त सापडले. साहजिकच आहे, तो स्नायू रात्रंदिवस जड श्वास ओढतोय. त्याची जिम आधीच चालू आहे. अडचण अशी की फुप्फुसात हवा अडकून राहिल्यामुळे श्वासपटल सपाट होतं आणि त्याला ओढायला जागाच उरत नाही.

मोठी परीक्षा 2018 मध्ये झाली. युरोपातल्या चाचणीत श्वासस्नायू कमजोर असलेले 219 सीओपीडी रुग्ण होते. सगळ्यांना पल्मनरी रिहॅब, म्हणजे चालणं, सायकल, व्यायाम दिला. निम्म्यांना सोबत खरं यंत्र, बाकीच्यांना जवळपास भार नसलेलं. खऱ्या यंत्रवाल्यांच्या श्वासाची ताकद जास्त वाढली. पण सहा मिनिटांत कोण किती चालतो, यात दोन्ही गटांत फरक पडला नाही.

मला या पन्नास वर्षांतून एवढंच दिसतं: मीटरवरचा आकडा वाढणं आणि जिना चढता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यंत्र फसवं नाही. ज्याला चालण्याचा व्यायाम झेपत नाही, त्याला डॉक्टर ते देऊ शकतात. पण ते चालण्याच्या जागी बसत नाही, इनहेलरच्या तर नाहीच. आणि ऑपरेशननंतर घरी येणारं तीन चेंडूंचं यंत्र वेगळं बरं का! ते खोल श्वासासाठी असतं, ताकद वाढवायला नाही.

आपल्याकडे वर्षानुवर्षं चुलीच्या धुरात स्वयंपाक केलेल्या, विडी-सिगारेट कधीच न ओढलेल्या बायकांनाही सीओपीडी होतो. घरात अशी आजी असेल, तर यंत्र ऑर्डर करण्याआधी छातीच्या डॉक्टरांना एक प्रश्न विचारा: हिच्यासाठी रिहॅब कुठे मिळेल? आणि त्यांनी परवानगी दिली की संध्याकाळी तिच्यासोबत चालायला निघा, तिच्या वेगाने.

भेटू पुढच्या भागात!