तळटीप : अणुभट्टीतील शृंखलेचा बंदोबस्त

* ग्रंथकर्त्याने येथे भट्टी ‘ताब्यात’ असल्याचे मोघम म्हटले आहे. साखरखेर्ड्यासारख्या, तारापूरच्या किनाऱ्यापासून फार दूरच्या गावी हे पुस्तक वाचणारासाठी त्याची फोड करणे अवश्य वाटते. युरेनियम-235च्या केंद्रकाचे विखंडन झाले म्हणजे सरासरी अडीचच्या आसपास न्यूट्रॉन सुटतात. त्यांपैकी नेमका एकच पुढील विखंडन घडवील आणि बाकीचे शोषले जातील अथवा निसटून जातील, अशी तजवीज झाली की शृंखला स्थिर चालते. 4 ऑगस्ट 1956 रोजी तुर्भे येथे कार्यान्वित झालेल्या ‘अप्सरा’ या भट्टीत न्यूट्रॉनांचा वेग मंदावणे, उष्णता वाहून नेणे आणि किरणोत्सर्ग अडवणे, ही तिन्ही कामे कुंडातील साधे पाणीच करीत असे. तारापूरच्या 1969च्या दोन भट्ट्यांत बोरॉनयुक्त नियंत्रक दांडे खालून वर शिरतात, कारण वरची जागा वाफ निराळी करणाऱ्या यंत्रणेने व्यापलेली असते. शिवाय उकळी वाढून पाण्यात बुडबुडे झाले की मंदन घटते व शृंखला आपोआप सौम्य होते. परंतु या साऱ्या कारभाराचा खरा जामीन निराळाच आहे. शेकडा एकाहूनही कमी न्यूट्रॉन विखंडित तुकड्यांतून काही सेकंदांच्या विलंबाने बाहेर पडतात, आणि तेवढ्या अवधीमुळेच दांडे हलविण्यास सवड मिळते. सर्वच न्यूट्रॉन तत्क्षणी सुटते, तर कोणतीही यंत्रणा अपुरी पडली असती. दांडे पूर्ण आत गेल्यावरही तुकड्यांच्या किरणोत्सर्गाची उष्णता निर्माण होतच राहते, सबब बंद भट्टीसही पाणी पुरवीत राहावे लागते. — संपादक