दुकान उघडायला बंदी ते राष्ट्राध्यक्षपद : एल साल्वाडोरच्या ‘तुर्कां’ची गोष्ट

गेले काही महिने आपल्या तालुक्याच्या ग्रुपांवर एक रील फिरतंय. हजारो कैदी, टक्कल केलेले, अंगभर गोंदलेले, हात मागे बांधून मान खाली घालून पळत चाललेत. वर लिहिलेलं असतं, ‘असा नेता पाहिजे!’ नेत्याचं नाव नायिब बुकेले, देश एल साल्वाडोर. हे रील मला किमान दहा जणांनी पाठवलं. त्यातल्या दोघांनी त्याच दिवशी दुसरंही एक फॉरवर्ड पाठवलं होतं. त्याचा आशय असा, की एका विशिष्ट समाजाच्या दुकानातून काही घेऊ नका.

आता गंमत बघा. ज्या नेत्यावर हे दोघं फिदा आहेत, त्याच्या वडिलांनी इस्लाम स्वीकारला होता. नुसता स्वीकारला नाही, तर ते इमाम होते आणि त्यांनी देशात मशिदी उभ्या केल्या. आणि त्याच देशात एकेकाळी या लोकांना नवीन दुकान उघडायला सरकारनेच बंदी घातली होती. म्हणून म्हटलं, ही गोष्ट जरा नीट सांगावी.

एल साल्वाडोर हा मध्य अमेरिकेतला सगळ्यात छोटा देश. क्षेत्रफळ साधारण 21 हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या नगर जिल्ह्यापेक्षा थोडासा मोठा. लोकसंख्या साठ-पासष्ट लाख. देशाच्या नावाचाच अर्थ ‘तारणहार’, म्हणजे येशू ख्रिस्त. बहुसंख्य लोक कॅथलिक किंवा इव्हँजेलिकल ख्रिस्ती. मुसलमान एक टक्कासुद्धा नाहीत. राजधानी सान साल्वाडोरमध्ये सुन्नींची आणि शियांचीही प्रार्थनास्थळं आहेत, पण मोजकीच.

मग हे लोक तिथे पोचले कसे?

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पॅलेस्टाईन हा ऑटोमन, म्हणजे तुर्की साम्राज्याचा भाग होता. बेथलेहेम आणि आसपासच्या गावांतली तरुण मुलं तेव्हा बाहेर पडायला लागली. त्यातले बहुतेक अरब ख्रिश्चन होते, मुसलमान अगदी थोडे. बेथलेहेमला ऑलिव्हच्या लाकडाच्या आणि शिंपल्याच्या वस्तू बनवायचा जुना धंदा. जपमाळा, क्रूस वगैरे. येशूच्या गावच्या वस्तू म्हटल्यावर अमेरिका खंडात त्यांना गिऱ्हाईक होतं. पुढे 1909 नंतर तुर्की सैन्यात ख्रिश्चन तरुणांनाही सक्तीची भरती लागू झाली, तेव्हा जाणाऱ्यांची संख्या आणखी वाढली.

मध्य अमेरिकेत उतरल्यावर त्यांनी पाठीवर गाठोडं घेतलं आणि गावोगाव फिरून कापड, सुया-दोरे, छोटंमोठं सामान विकलं. उधारीवरही द्यायचे. आपल्याकडच्या जुन्या माणसांना दारावर येणारे कापडवाले आठवत असतील, अगदी तसंच. काही वर्षांनी गाठोड्याचं दुकान झालं आणि दुकानाचा पुढे कारखाना झाला.

त्यांच्या हातातले कागद तुर्की साम्राज्याचे होते. म्हणून स्थानिक लोक त्यांना ‘तुर्को’ म्हणायला लागले. ज्या तुर्की सत्तेच्या भरतीला कंटाळून यातले कित्येक जण निघाले, तिचंच नाव कपाळावर चिकटलं. आणि या शब्दाने धर्मही पुसून टाकला. चर्चमध्ये जाणारा असो की नमाज पढणारा, सगळे तुर्कोच.

देशाची सूत्रं तेव्हा कॉफीच्या मळेवाल्या घराण्यांकडे होती. ‘चौदा घराणी’ असा तिथे शब्दप्रयोगच आहे. जमीन त्यांची, बँका त्यांच्या, सरकारही त्यांचंच. कालपर्यंत पाठीवर गाठोडं वाहणारा माणूस बाजारपेठेत पक्कं दुकान बांधतो, हे त्यांना रुचणं शक्य नव्हतं. त्यांच्या क्लबांत, त्यांच्या सोयरिकींत या लोकांना दार बंदच होतं.

त्यात 1929 ची जागतिक मंदी आली आणि कॉफीचे भाव कोसळले. 1931 मध्ये जनरल मॅक्सिमिलियानो हर्नांदेझ मार्तिनेझ सत्तेवर आला. 1932 च्या जानेवारीत पश्चिम भागात शेतमजुरांचा उठाव झाला आणि लष्कराने तो असा चिरडला की इतिहासात त्याला ‘ला मातांझा’, म्हणजे कत्तल, असंच नाव पडलं. मेलेल्यांचे अंदाज दहा हजारांपासून तीस हजारांपर्यंत जातात. बहुसंख्य आदिवासी.

असं काही घडलं की सत्तेला दोष ढकलायला बाहेरचा कुणीतरी लागतोच. 1933 च्या कायद्याने अरबस्तान, लेबनॉन, सीरिया, पॅलेस्टाईन, तुर्कस्तान इथल्या नव्या लोकांना देशात यायला बंदी केली. पुढे तर तिथे आधीपासून असलेल्यांनाही नवीन धंदा सुरू करायला मनाई झाली. गुन्हा काय? काहीच नाही. फक्त मूळ गाव कुठलं एवढंच.

मार्तिनेझ 1944 मध्ये गेला. तुर्को मात्र तिथेच राहिले. शेतजमीन मिळत नव्हती, म्हणून व्यापार आणि कारखानदारीत आणखी घट्ट रुजले. पोरं शिकली, डॉक्टर-वकील झाली, राजकारणात उतरली. आणि 2004 साली राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक झाली, तेव्हा मुख्य दोन्ही उमेदवार बेथलेहेमहून आलेल्या घराण्यांतले होते! उजव्यांचे अँतोनियो साका, डाव्यांचे शाफिक हांदाल. साका जिंकले. एकाच गावची दोन घराणी, एक उजवीकडे, दुसरं थेट कम्युनिस्ट. ‘त्या समाजाची मतं एकगठ्ठा’ असं म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण वहीत लिहून ठेवावं.

आता बुकेले. त्याचे आजी-आजोबाही पॅलेस्टाईनमधून आलेले ख्रिश्चनच. वडील अर्मांदो बुकेले रसायनशास्त्र शिकलेले, उद्योजक, टीव्हीवर कार्यक्रम करणारे, देशभर ओळख असलेले. त्यांनी इस्लाम स्वीकारला आणि तिथल्या छोट्याशा मुस्लिम समाजाचा आवाज झाले. 2015 मध्ये ते वारले. त्याच वर्षी मुलगा राजधानीचा महापौर झाला.

2019 च्या निवडणुकीत विरोधकांना दुसरं काही सापडेना, तेव्हा नायिबचा मशिदीतला फोटो बाहेर काढला. ‘हा छुपा मुसलमान आहे’ असा प्रचार झाला. 1933 चा कायदा कधीच इतिहासजमा झाला होता, पण त्यामागचं डोकं शाबूत होतं. नायिबने आपली श्रद्धा देवावर आणि येशूवर आहे असं सांगितलं. लोकांनी फोटोकडे दुर्लक्ष केलं आणि पहिल्याच फेरीत त्याला निवडून दिलं. कारण त्यांचा प्रश्न धर्माचा नव्हताच, टोळ्यांच्या खंडणीचा आणि खुनांचा होता. ख्रिश्चनबहुल देशातल्या सामान्य मतदाराने दाखवलेली ही समज मला फार मोठी वाटते.

गोष्ट इथे संपली असती तर छान झालं असतं. पण पत्रकार म्हणून पुढचंही सांगायला हवं.

मार्च 2022 मध्ये एका दिवसात 62 खून झाले आणि सरकारने आणीबाणी लावली. तेव्हापासून ऐंशी हजारांहून जास्त माणसं आत गेली. खून कमी झाले, रस्ते मोकळे झाले, हे खरंच आहे आणि तिथली जनता त्याबद्दल मनापासून समाधानी आहे. 2024 मध्ये तिने त्याला ऐंशी टक्क्यांहून जास्त मतं दिली. पण अंगावर गोंदण आहे, वस्ती बदनाम आहे, कुणीतरी निनावी फोन केला, एवढ्यावरही माणसं उचलली गेली. सुमारे आठ हजार निर्दोष लोकांना सोडावं लागलं, हे खुद्द बुकेलेनेच 2024 मध्ये मान्य केलं. त्यांची आत गेलेली वर्षं कोण परत देणार?

ज्याच्या आजोबांच्या पिढीला फक्त मूळ गाव बघून संशयित ठरवलं गेलं, त्याच्याच राज्यात आज वस्ती आणि गोंदण बघून माणूस संशयित ठरतोय. शिक्का बदलला, पद्धत तीच राहिली.

एवढ्याशा देशाची ही गोष्ट मी एवढ्यासाठीच लिहिली. माणसाने काय केलं हे न बघता तो कुठला, कुणाचा, दिसतो कसा, यावर हिशेब मांडायची सवय एकदा लागली की ती एका समाजापाशी थांबत नाही. आज एकाची पाळी असते, उद्या दुसऱ्याची.

ते रील पुन्हा आलं तर जरूर बघा. त्या मान खाली घातलेल्या रांगेत खुनी आहेत, तसेच काही फक्त चुकीच्या गल्लीत राहणारेही असतील, एवढं लक्षात ठेवा. आणि दुकान कुणाचं आहे हे बघून खरेदी ठरवायला सांगणारं फॉरवर्ड आलं, तर पुढे ढकलण्याआधी बेथलेहेमच्या त्या गाठोडेवाल्याची आठवण काढा.

मत वेगळं असेल तर कॉमेंटमध्ये बिनधास्त लिहा. फक्त भाषा जपा, आपण सगळे एकाच गावात राहतो.