डॉ. कोटणीस : वैद्याच्या स्वतःच्या प्रकृतीचा इतिहास

सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे नाव बहुतेकांना ठाऊक असते. त्यांचा मृत्यू कशाने झाला, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

१९३८ साली, सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष असताना, पाच भारतीय डॉक्टरांचे पथक जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनकडे निघाले. अटल, बसू, मुखर्जी, मुंबईत शिकलेले कोटणीस आणि पाचवे नागपूरचे डॉ. मोरेश्वर चोळकर. (विदर्भालाच चोळकरांचा विसर पडावा, हे नवलच!)

तेथे त्यांच्याआधी पोहोचलेले कॅनडाचे शल्यविशारद नॉर्मन बेथ्यून १९३९ च्या ऑक्टोबरअखेरीस शस्त्रक्रिया करत असताना त्यांच्या बोटाला जखम झाली. हातमोज्यांचा तुटवडा होता. बेथ्यून उघड्या हातांनीच काम करत होते. जखम चिघळली, विष रक्तात भिनले. पेनिसिलिनचा शोध १९२८ सालीच लागला होता, परंतु औषध म्हणून ते अद्याप उपलब्ध नव्हते. १२ नोव्हेंबर रोजी बेथ्यून गेले. रुग्णाची जखम बरी करणारा हात एका क्षुल्लक जखमेनेच निकामी झाला.

त्यांच्याच नावाच्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालकपद १९४१ च्या जानेवारीत कोटणीसांकडे आले. त्याआधी, १९४० सालच्या एका लढाईत, त्यांनी सलग ७२ तास शस्त्रक्रिया केल्याचे सांगितले जाते. आपण हा आकडा अभिमानाने उद्धृत करतो. पण तीन दिवस झोप न मिळालेल्या शरीराचे पुढे काय होते, हा प्रश्न इतिहासलेखनात क्वचितच येतो. वडिलांच्या निधनाची वार्ता कळूनही ते परतले नव्हते.

पुढे त्यांना अपस्माराचे झटके येऊ लागले. निद्रानाश आणि अतिश्रम या व्याधीला पोषक ठरतात, हे आज वैद्यकाला पुरते ज्ञात आहे. तरीही रुग्णसेवा, अध्यापन आणि शल्यचिकित्सेवरील पाठ्यपुस्तकाचे लेखन चालूच राहिले. ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्मारानेच त्यांचा अंत झाला. वय अवघे ३२.

व्ही. शांताराम यांनी १९४६ च्या चित्रपटात साथीच्या रोगाशी झुंज रंगवली. अपस्माराची कहाणी पडद्यावर तितकीशी शोभली नसती, हे उघड आहे.

कोटणीसांच्या पत्नी, परिचर्येच्या अध्यापिका को छिंगलान, तेव्हा साडेतीन महिन्यांच्या बाळाला सांभाळत होत्या. बाळाचे नाव यिनहुआ : ‘यिन’ म्हणजे भारत, ‘हुआ’ म्हणजे चीन. त्यानेही पुढे वैद्यकशास्त्रच निवडले. शिक्षण पूर्ण होण्याआधीच, १९६७ साली, तोही गेला.