जिजाईचा वाटा

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहाच, असा मंडळातल्या भगिनींचा आग्रह झाला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण तुकाराममहाराजांचे चरित्र लहानपणापासून कानावरून गेले आहे, तेव्हा त्यातलेच चार शब्द लिहिते.

महाराजांचे घराणे देहूचे. घरी महाजनकी, वाण्याचा धंदा आणि सावकारी, म्हणजे खाऊनपिऊन सुखी. १६३० च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला आणि सारे विस्कटले. धंदा बसला, दिवाळे निघाले. थोरली पत्नी रखमाबाई अन्नावाचून गेली, हे महाराजांनी स्वतःच अभंगात सांगितले आहे.

हे दारिद्र्य न बोलावता आलेले. मागून घेतलेले दारिद्र्य त्यानंतरचे. घरात लोकांची कर्जखते होती. वसुली केली असती तर घर पुन्हा उभे राहिले असते. पण विठोबावर भार टाकायचा तर हाताशी खते कशाला, म्हणून महाराजांनी ती इंद्रायणीत बुडवायला काढली. तेव्हा धाकटे बंधू कान्होबा आडवे आले. तुम्ही साधू झालात, मला बायकामुले पोसायची आहेत, असे त्यांचे म्हणणे. महाराजांनी खते निम्मी निम्मी केली. कान्होबांचा वाटा त्यांना दिला, आपला पाण्यात सोडला. ज्यांची ती खते होती ती कुळेही त्याच दुष्काळाने गांजलेली असणार.

आपले व्रत त्यांनी भावावर लादले नाही, हे मला फार थोर वाटते. पण मग जिजाईचा वाटा कुठे? तिला कोणी विचारल्याचे मी तरी कधी ऐकले नाही.

जिजाई पुण्याच्या गुळव्यांची लेक, महाराजांची दुसरी पत्नी. महिपतीबुवांनी १७७४ साली भक्तलीलामृत रचले, त्यात तिच्या कितीतरी कथा आहेत. एकदा तिने आपल्या नावावर दोनशे रुपये कर्ज काढून महाराजांना व्यापाराला धाडले. नफा झालाही, पण परतताना कर्जापायी अडलेला एक ब्राह्मण भेटला आणि सारी रक्कम त्याला गेली. कर्ज मात्र जिजाईच्या नावावर! संसार केलेल्या बाईला ही कथा ऐकून नुसते हात जोडून बसवत नाही.

उसाची गोष्ट आली की आपण सगळ्या हसतो. मोळी पोरांत वाटून महाराज एकच ऊस घरी आणतात आणि जिजाई तो त्यांच्याच पाठीत हाणते. ते रागावत नाहीत, हसतात. शिवाजीमहाराजांनी पाठवलेला नजराणा परत करणे कठीण खरे, पण त्यापेक्षा मला हे हसणे कठीण वाटते. आणि तिला कजाग म्हणताना आपण विसरतो, की महाराज भंडाऱ्याच्या डोंगरावर नामस्मरणात बसले की दीड-दोन कोस चालून भाकरी नेणारी तीच. ते जेवल्याशिवाय तिच्या तोंडात घास जात नसे, असे सांगतात. विठोबावर भार टाकला तो महाराजांनी, पण भाकरी यायची ती जिजाईच्या डोक्यावरून. ती विठोबाला शिव्या देई म्हणतात. दुसऱ्या कोणाला देणार?

१६५० साली महाराज वैकुंठास गेले, तेव्हा जिजाई गरोदर होती. पोरेबाळे पदरात घेऊन तिने पुढचे दिवस कसे काढले, ते आपल्या पोथीत येत नाही. त्यांच्यामागे जन्मलेला तो मुलगा म्हणजे नारायणमहाराज. १६८५ साली देहूहून पंढरीला पालखी सुरू केली ती त्यांनीच.