व्रत आणि विद्यापीठ : धर्मभगिनींच्या महिला महाविद्यालयांचा इतिहास

भारतातील स्त्रीशिक्षणाचा इतिहास मराठीत सांगितला जातो, तेव्हा तो बहुधा १८४८ मधील भिडे वाड्यातल्या शाळेपासून सुरू होतो आणि हिंगण्याच्या वाटेने १९१६ च्या महिला विद्यापीठापर्यंत येऊन थांबतो. हा क्रम योग्यच आहे. तथापि तो पुरेसा नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मंगळूरपासून मुंबईपर्यंतच्या किनाऱ्यावर, आणि स्वातंत्र्यानंतर बंगळूरसारख्या शहरात व गोव्यात, कॅथलिक धर्मभगिनींनी मुलींसाठी महाविद्यालये स्थापन केली. मराठी वाचकाला हा प्रवाह ‘सोफिया’, ‘निर्मला निकेतन’, ‘माउंट कार्मेल’ अशा नावांवरून परिचित आहे. पण ही महाविद्यालये चालविणाऱ्या स्त्रिया कोण होत्या, त्या कोणत्या नियमांनी बांधलेल्या होत्या आणि त्या नियमांत राहून त्यांनी विद्यापीठाशी आपले नाते कसे जुळविले, याचा विचार आपल्याकडे क्वचितच झाला आहे.

हे नाते मुळात सोपे नव्हते. युरोपात मध्ययुगापासून संन्यस्त स्त्रीने मठाच्या भिंतीआड राहावे, असा दंडक होता. पोप आठवे बोनिफेस यांनी १२९८ मध्ये तो सर्व मठवासिनींना लागू केला. सतराव्या शतकात मेरी वॉर्ड या इंग्रज स्त्रीने भिंतीबाहेर राहून मुलींना शिकविणारा संघ १६०९ मध्ये काढला. १६३१ मध्ये पोपच्या आज्ञेने तो मोडण्यात आला. तिच्या परंपरेतील लोरेटो भगिनी १८४१ मध्ये कलकत्त्यास पोहोचल्या आणि १९१२ मध्ये त्यांचे महाविद्यालय सुरू झाले. या दोन घटनांमध्ये जवळजवळ तीन शतके आहेत. मठ सोडून शाळा-रुग्णालयांत काम करणाऱ्या, साधी व्रते घेतलेल्या भगिनींना चर्चने पूर्ण अर्थाने ‘संन्यस्त’ मानले, तेही १९०० मध्ये. म्हणजे या भगिनी भारतात महाविद्यालयांची पायाभरणी करीत होत्या, तेव्हा त्यांच्या स्वतःच्या स्थानाला मान्यता मिळून जेमतेम एक-दोन दशके झाली होती.

पश्चिम किनाऱ्यावरील आरंभ मंगळूरचा. कॉन्स्टंटिनोपलमध्ये जन्मलेली सोफी लीव्ह्ज ही एका अँग्लिकन धर्मोपदेशकाची मुलगी. तिने पुढे कॅथलिक पंथ स्वीकारला व मदर वेरोनिका हे नाव घेतले. कार्मेल परंपरेतील ध्यानधारणा आणि मुलींचे शिक्षण यांची सांगड घालणारा ‘अपोस्टोलिक कार्मेल’ हा संघ तिने १८६८ मध्ये फ्रान्समधील बायोन येथे स्थापिला. १८७० मध्ये या संघाच्या भगिनी मंगळुरास आल्या. आधी शाळा, मग शिक्षिकांचे प्रशिक्षण, आणि १९२१ मध्ये सेंट अ‍ॅग्नेस महाविद्यालय, असा त्यांचा प्रवास झाला. दक्षिणेकडे एर्नाकुलम येथे मदर तेरेसा ऑफ सेंट रोझ ऑफ लिमा यांनी १८८७ मध्ये कार्मेलाइट भगिनींचा आणखी एक संघ स्थापिला. त्या मद्रासेत जन्मल्या होत्या. त्यांचे मूळ नाव ग्रेस डिलिमा. १९०२ मध्ये रेल्वे अपघातात त्यांचा अंत झाला. त्यांच्या भगिनींनी १९२५ मध्ये एर्नाकुलमला सेंट तेरेसा महाविद्यालय सुरू केले.

शाळेकडून महाविद्यालयाकडे जाताना एक मूलगामी बदल झाला, आणि या इतिहासाचे मर्म त्यात आहे. शाळेवर संघाचा पुष्कळसा ताबा असे. महाविद्यालय मात्र विद्यापीठाला संलग्न असावे लागे. अभ्यासक्रम विद्यापीठाचा, परीक्षा विद्यापीठाची, पदवीही विद्यापीठाची. ग्रंथालय, प्रयोगशाळा आणि अध्यापकांची पात्रता तपासायला विद्यापीठाची समिती येई. केवळ श्रद्धा आणि सेवाभाव यांच्या बळावर पदवीच्या वर्गाला अर्थशास्त्र वा रसायनशास्त्र शिकविता येत नाही. त्यामुळे भगिनींना स्वतःच विद्यार्थिनी व्हावे लागले. पदव्या व पदव्युत्तर पदव्या मिळवाव्या लागल्या. आज्ञापालनाचे व्रत घेतलेल्या या स्त्रियांनी, संघाबाहेरच्या आणि धर्मनिरपेक्ष अशा एका सत्तेकडून आपल्या विद्वत्तेची पारख करून घेणे मान्य केले. पुढे त्यांच्या महाविद्यालयांना जी प्रतिष्ठा लाभली, तिच्या मुळाशी ही मान्यता होती.

मुंबईत हा ताण अधिक स्पष्ट दिसतो. ‘सोसायटी ऑफ द सेक्रेड हार्ट’ हा संघ १८०० मध्ये फ्रान्समध्ये मादलेन सोफी बारा हिने स्थापिला. ती पिंपे बनविणाऱ्या एका कारागिराची मुलगी. मोठ्या भावाने तिला लॅटिन, ग्रीक व गणित असे त्या काळी मुलींना दुर्लभ असलेले विषय शिकविले होते. या संघाने १९४० मध्ये मुंबईत सोफिया महाविद्यालय सुरू केले. सोफिया या ग्रीक शब्दाचा अर्थ प्रज्ञा. आजच्या भुलाभाई देसाई मार्गावरील, एकेकाळी संस्थानिकांच्या मालकीच्या वास्तूत ते भरू लागले. या संघाच्या भगिनींवरील मठबंधन उठले ते १९६४ मध्ये. म्हणजे पहिली जवळजवळ पंचवीस वर्षे सोफियाच्या भगिनी शहराच्या मध्यभागी राहूनही शहरात मोकळेपणाने वावरत नव्हत्या. मुंबई त्यांच्याकडे येत होती ती विद्यार्थिनींच्या रूपाने: गुजराती, पारशी, मराठी, सिंधी, मुसलमान, ख्रिस्ती. बाहेरच्या जगात स्वतः न जाता त्या जगासाठी मुलींना तयार करणे, हे त्या पिढीचे काम होते.

याच मुंबईत १९५५ मध्ये ‘निर्मला निकेतन’ या समाजकार्याच्या महाविद्यालयाचा आरंभ झाला. ते सुरू करणारा ‘डॉटर्स ऑफ द हार्ट ऑफ मेरी’ हा संघ फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत, १७९० मध्ये जन्मला. मठ बंद पडत असतानाच्या त्या दिवसांत त्याच्या संस्थापकांनी भिंत आणि झगा या दोहोंवाचून संन्यस्त जीवन जगण्याचा मार्ग काढला. त्या संघाच्या भगिनी सामान्य स्त्रियांच्या वेषात, लोकांमध्ये राहून काम करतात. समाजकार्याचे शिक्षण वर्गाबाहेर, वस्तीत जाऊन घ्यावे लागते. ते देण्यास असा संघ पुढे यावा, हे स्वाभाविक होते. एकाच शहरात एका संघाची भिंत अजून उभी होती आणि दुसऱ्या संघाने ती दीडशे वर्षांपूर्वीच सोडली होती. ‘नन’ या एका शब्दाखाली किती वेगवेगळ्या जीवनपद्धती येतात, हे यावरून ध्यानात यावे.

बंगळुरात कथा वेगळ्या कारणांनी पुढे सरकली. एर्नाकुलमच्या कार्मेलाइट भगिनींनी १९४४ मध्ये त्रिचूर येथे काढलेले महाविद्यालय १९४८ मध्ये बंगळुरास आणले. तेच माउंट कार्मेल. शहर त्या वेळी झपाट्याने बदलत होते. विमानांचा कारखाना १९४० मध्ये सुरू झाला होता. स्वातंत्र्यानंतर दूरध्वनी, यंत्रावजारे आणि इलेक्ट्रॉनिक्स यांचे सरकारी कारखाने उभे राहिले. शहराच्या पश्चिमेस राजगोपालाचारींच्या नावाने राजाजीनगर ही नवी वसाहत वाढू लागली. तिच्यात उद्योगांसाठी स्वतंत्र जागा राखलेली होती. अशा शहरात कन्नड, तमिळ, तेलुगू, मल्याळी आणि मराठी कुटुंबे शेजारी-शेजारी राहू लागली. बदलीच्या नोकरीत असलेल्या बापाला मुलीसाठी असे महाविद्यालय हवे होते, जिथली पदवी कोणत्याही प्रांतात चालेल आणि जिथे मुलीला पाठविताना घरातल्या वडीलधाऱ्यांना काळजी वाटणार नाही. भगिनींच्या महाविद्यालयाने या दोन्ही गरजा भागविल्या. १९६६ मध्ये तार्बच्या सेंट जोसेफ संघाच्या भगिनींनी तिथेच ज्योती निवास महाविद्यालय काढले. गोव्यात १९६१ च्या मुक्तीनंतर १९६२ मध्ये पहिली कला-विज्ञान महाविद्यालये सुरू झाली, आणि दोनच वर्षांनी, १९६४ मध्ये, अपोस्टोलिक कार्मेलच्या भगिनींनी नुवे येथे मुलींसाठी कार्मेल महाविद्यालय उघडले.

मराठी वाचकाने या परंपरेकडे परकी म्हणून पाहण्याचे कारण नाही. तिला समांतर अशी गोष्ट त्याच्या घरातच आहे. १८८४ मध्ये स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य अल्प वेतनावर वीस-वीस वर्षे शिकविण्याची प्रतिज्ञा करीत. धोंडो केशव कर्वे त्यांच्यापैकीच एक. त्यांनी १९०८ मध्ये ‘निष्काम कर्म मठ’ स्थापिला, तेव्हा हिंगण्याच्या कार्यासाठी आयुष्य वाहणाऱ्या सेवकांचा एक व्रतस्थ संघच त्यांच्या मनात होता; ‘मठ’ हा शब्द त्यांनी जाणूनबुजून निवडला असे म्हणावयास हरकत नाही. ज्या समाजात मुलींच्या शिक्षणासाठी सरकार वा बाजार पैसा घालत नव्हता, तिथे संस्थेचे खरे भांडवल हे माणसांचे आयुष्यच होते. हे हिंगण्याला कळले होते आणि मंगळुरालाही.

मात्र दोन बाबतींत हे मार्ग वेगळे झाले. पहिली बाब भाषेची. कर्व्यांच्या विद्यापीठाने मातृभाषा हे माध्यम स्वीकारले आणि त्याची जबर किंमत मोजली: १९५१ पर्यंत त्याला वैधानिक दर्जा नव्हता, आणि त्याच्या पदवीधर स्त्रियांना नोकरीच्या बाजारात आपली पदवी सिद्ध करावी लागे. भगिनींनी सरकारमान्य विद्यापीठांची इंग्रजी पदवी निवडली. त्यांच्या मुलींना मान्यता पहिल्या दिवसापासून मिळाली. पण इंग्रजी शाळेतून न आलेल्या मुलीसाठी त्या वर्गाचा उंबरठा उंच राहिला. गावातल्या, मराठी वा कन्नड माध्यमातल्या हुशार मुलीला ‘सोफिया’ किंवा ‘माउंट कार्मेल’ ही नावे ऐकून जो संकोच वाटे, त्याचे मूळ या निवडीत आहे. दोन्ही मार्गांना काही गमवावे लागले. त्यांपैकी एकालाच त्यागाचे श्रेय देणे न्यायाचे होणार नाही.

दुसरी बाब सत्तेची. स्त्रीशिक्षणाच्या आपल्या बहुतेक आद्य संस्थांचे सूत्रधार पुरुष होते. स्त्रियांनी शिकविले, वर्गणी गोळा केली, वसतिगृहे सांभाळली, तरी शेवटचा शब्द बहुधा पुरुषांचा असे. भगिनींच्या महाविद्यालयात प्राचार्या स्त्री, हिशेब पाहणारी स्त्री, इमारतीचा आराखडा मंजूर करणारी स्त्री, विद्यापीठाच्या समितीशी वाद घालणारीही स्त्री. संघावर बिशपची नजर आणि रोमचे नियम होते, हे खरे. पण दैनंदिन कारभारात पुरुषाचा हात नव्हता. सतरा-अठरा वर्षांच्या मुलीने तीन-चार वर्षे हे रोज पाहिले. पाठ्यपुस्तकात नसलेला हा धडा होता, आणि तो देणाऱ्या स्त्रियांना स्वतःच्या बदलीचा निर्णयसुद्धा स्वतः घेता येत नव्हता, ही त्यातील विसंगती. वरिष्ठांचे पत्र आले की प्राचार्यपद सोडून दुसऱ्या गावी जावयाचे, हा नियम. आज्ञा पाळणाऱ्या स्त्रियांच्या हाताखाली स्वतःचे निर्णय घेणाऱ्या स्त्रिया घडल्या. ही विसंगती त्या भगिनींना जाणवत नव्हती असे मानणे हा त्यांच्या बुद्धीचा अवमान ठरेल.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये संन्यस्त जीवनाच्या नूतनीकरणाचा आदेश दिला आणि ही कोंडी काही प्रमाणात सैल झाली. अनेक भगिनींनी झग्याऐवजी साडी नेसली. काही जणी महाविद्यालय सोडून खेड्यांत आणि झोपडवस्त्यांत गेल्या. श्रीमंतांच्या मुलींना शिकविण्यासाठी आपण आयुष्य दिले काय, हा प्रश्न संघांनी स्वतःलाच विचारला. सोफियाच्या आवारात १९७० मध्ये तंत्रनिकेतन सुरू झाले आणि रोजगाराभिमुख अभ्यासक्रमांना जागा मिळाली. सोफियाच्या प्राचार्या राहिलेल्या सिस्टर करुणा मेरी ब्रागांझा यांना २००८ मध्ये पद्मश्री देण्यात आली, तेव्हा या साऱ्या पिढीच्या कामाची सार्वजनिक नोंद झाली.

त्यानंतरचा काळ ओसरणीचा आहे. संन्यासाकडे वळणाऱ्या मुली कमी झाल्या. अध्यापनाचा बहुतेक भार पूर्वीपासूनच संघाबाहेरच्या अध्यापिकांवर येत गेला होता. आता अनेक ठिकाणी कारभारही त्यांच्याकडे जातो आहे. अनुदानित संस्थेत शिकविणारी भगिनी आपले वेतन संघाकडे सुपूर्द करते आणि त्यातून ग्रंथालय, वसतिगृह वा गरीब मुलीची फी निघते, ही जुनी व्यवस्था. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की सरकारी अनुदानातून मिळणाऱ्या अशा वेतनावर प्राप्तिकराची कपात होईल; दारिद्र्याच्या व्रतामुळे ती व्यक्ती कायद्याच्या दृष्टीने वेगळी ठरत नाही. कायद्याच्या अंगाने हा निर्णय समजण्याजोगा आहे. राज्य व्यक्तीला वेतन देते. तिने ते कोणाला अर्पण केले, हा तिचा प्रश्न.

परंतु हिंगण्याचे आजीव सेवक आणि मंगळूर-मुंबई-बंगळूरच्या भगिनी ज्या पायावर उभ्या होत्या, तो आता दोन्हीकडे उरलेला नाही. त्याची जागा वेतनश्रेणीने घेतली, आणि जिथे पदे भरली जात नाहीत तिथे तासिका तत्त्वावर नेमलेल्या अध्यापिकेने. तिने कोणतेही व्रत घेतलेले नाही, घ्यावे अशी अपेक्षाही गैर आहे. तरी अल्प मोबदल्यात, पुढच्या वर्षाची शाश्वती नसताना, तीच आज वर्ग चालविते. व्रतस्थ स्त्रीच्या मागे तिचा संघ उभा असे: आजारपणात, म्हातारपणी, मरणातही. या अध्यापिकेच्या मागे कोणी उभे नाही. धर्मभगिनींच्या महाविद्यालयांचा इतिहास वाचताना त्यांच्या त्यागाचे गुणगान सहज होऊन जाते. त्या त्यागाला आधार देणारी व्यवस्थाही तितक्याच काळजीने घडविलेली होती, आणि तशी एखादी व्यवस्था आजच्या अध्यापिकेसाठी कोणी घडवायची, हा त्या इतिहासातून उरणारा प्रश्न आहे.