मु. पो. माढा

पाकिटावर वर नाव, खाली 'मु. पो. माढा, जि. सोलापूर'. घराचा नंबर नाही, गल्ली नाही, तरी पत्र पोचतं. त्यातल्या 'मु.'ची कुळकथा लांबची आहे, आणि परदेशी राहायला निघालेल्या प्रत्येकाने ती ऐकावी अशी आहे.

'मुक्काम' मूळचा अरबी. ज्या धातूचा अर्थ 'उभं राहणं', त्यापासून 'मुक़ाम', म्हणजे राहणं, राहण्याची जागा. फारसीच्या वाटेने तो दख्खनेत आला आणि मराठीने 'क'ला जोड देऊन आपलासा केला. 'कायम' हा त्याचाच सख्खा भाऊ. पण मराठीने दोघांना कामं वेगळी दिली. कायम हलत नाही; मुक्काम मात्र उद्याचं निघणं धरूनच असतो. जुन्या पत्रांत 'मुक्काम अमुक' असं लिहीत, ते लिहिणारा आज कुठे आहे हे कळावं म्हणून. दिंडीचा मुक्काम एका रात्रीचा. एसटीची मुक्कामी गाडी रात्री गावात येते, ड्रायव्हर-कंडक्टर तिथेच निजतात आणि पहाटेची पहिली फेरी घेऊन निघतात.

'पो.'चं कूळ युरोपातलं. 'पोस्ट' म्हणजे मुळात वाटेवर नेमून दिलेलं ठाणं, जिथे टपाल नेणारा घोडा बदलायचा. म्हणजे 'मु.' आणि 'पो.' दोन्ही थांबण्याच्याच जागा. 15 ऑगस्ट 1972 रोजी पिन कोड आला. ती पद्धत बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी माणूस, संस्कृतचे कवी. पत्त्याखाली 413 ने सुरू होणारे सहा आकडे आले, तरी 'मु. पो.' हटलं नाही.

एका जागी थांबण्याची थोरवी सांगणारं गावही माढा तालुक्यातच आहे: अरण, संत सावता माळ्यांचं गाव. पंढरपूर इतकं जवळ, पण सावतोबा मळा सोडून वारीला गेले नाहीत, विठ्ठलच त्यांच्याकडे आला, असं परंपरा सांगते. आजही त्यांच्या पुण्यतिथीला पंढरपुराहून विठ्ठलाची पालखी अरणला येते. एका जागी मन लावून राहिलं तर देवही वाट वाकडी करतो, ही आमच्या मुलखाची श्रद्धा आहे.

परदेशात असं मन लावून राहणं पंडिता रमाबाईंना साधलं. 1886 साली त्या फिलाडेल्फियाला गेल्या त्या आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी, आणि अमेरिकेत अडीच वर्षांहून जास्त राहिल्या. 1889 साली त्यांचं पुस्तक आलं: 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त'. नावातला क्रम पाहा. आधी लोकस्थिती, मग प्रवास. धावत्या पाहुण्याला प्रवासवृत्त लिहिता येईल. लोकस्थिती कळायला लांब मुक्काम करावा लागतो.

आज माढ्याचा मुलगा शिकायला जर्मनीत जातो. दोन आठवड्यांत सरकारदरबारी पत्ता नोंदवायचा असतो. रविवारी दुकानं बंद. जिन्यात भेटणारी माणसं नमस्कारापुरतं बोलतात आणि पुढे जातात. पारावर बसून सगळ्या गावाची खबर घेणाऱ्या मुलाला ती शांतता अंगावर येते. सुट्टी मिळाली की चार दिवसांत चार देश पाहून तो ती विसरायला बघतो. त्यापेक्षा त्याच गल्लीत राहावं, त्याच बेकरीत रोज पाव घ्यावा, चुकतमाकत बोलावं. परकेपण एका दिवसात जात नाही, मुक्कामाने झिजतं.

तिथल्या बहुतेक इमारतींत पत्र येतं ते फ्लॅटच्या नंबरावर नाही, नावावर. पेटीवर आडनाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो. म्हणून तो मुलगा कागदाच्या पट्टीवर आपलं आडनाव लिहितो, कोपरे दाबून पेटीवर चिकटवतो. काही दिवसांनी आत पहिलं पाकीट पडलेलं असतं. नावावरून माणूस सापडला, जसा माढ्यात सापडतो. त्या दिवसापासून त्याने त्या शहराला मुक्काम म्हणावं.